तीन फेऱ्या झाल्याशिवाय

वाशीमजवळच्या मालेगावच्या बाजारात वांगी घ्यायची असली तरी आमचे सर आधी ढिगाभोवती तीन फेऱ्या मारायचे. एक उन्हाच्या बाजूने, एक सावलीच्या बाजूने आणि तिसरी जरा वाकून. वांगी विकणारी बाई एकदा चांगलीच कावली. "सर, मी काय मारोती आहो का? फेऱ्या कायले मारून राह्यले? घ्या, नाई तं पुढं व्हा."

सर मुळीच रागावले नाहीत. "तू मले वांगं चिरून पाहू देशील का? नाही ना? मंग बाहेरून वळखाचं तं चारी अंगानं पाहा लागते," असं म्हणून त्यांनी तिसरी फेरी पुरी केली. एवढी तपासणी करून नेलेल्या वांग्यांत किडा निघायचाच, आणि दुसऱ्या दिवशी तेही ते आम्हाला प्रामाणिकपणे सांगायचे.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी त्या शाळेत मराठी शिकवायला लागले. शिक्षकांच्या खोलीला दोन खिडक्या होत्या. पहिल्या दिवशी मी आत एकटीच बसले होते, तर एक चेहरा पहिल्या खिडकीतून डोकावून गेला, मग दुसऱ्या खिडकीतून, मग पुन्हा पहिल्या. मी पायातली चप्पल हातात घेण्याच्या बेतात होते, तेवढ्यात तो चेहरा दारातून आत आला. "नमस्कार. नव्या बाई ना? हवा निवळ दिसली म्हणून आलो."

हेच आमचे विज्ञानाचे सर. वय पन्नाशीच्या पुढे, अंगकाठी बारीक, शर्टाच्या खिशात रुमालात गुंडाळलेला काचेचा लोलक. बाजारातल्या जैन शेटजींच्या घरचं जुनं झुंबर उतरवलं तेव्हा सरांनी तो मागून आणला होता. कुठेही दिवा, मेणबत्ती, चुलीतला जाळ दिसला की लोलक डोळ्याला लावून त्यातून उजेडाचे रंग बघत उभे राहायचे. आणि कोणत्याही खोलीत सरळ म्हणून शिरायचे नाहीत. आधी बाहेरून फिरून आतली हवा बघायची. हेडमास्तर चिडलेले असले तर बाहेरूनच परत फिरायचे आणि आम्हाला सांगायचे, "आत ढग आहे, बाई. जरा थांबा." त्यांचा हा अंदाज बहुतेक वेळा खरा निघायचा, त्यामुळे आम्ही सगळेच रजेचा अर्ज घेऊन जाण्याआधी त्यांना विचारू लागलो.

उत्तरपत्रिकासुद्धा ते तीनदा तपासायचे. शाळेचा निकाल त्यांच्यापायी रखडायचा आणि हेडमास्तर डोकं धरून बसायचे. पण एका वर्षी काठावर नापास होणाऱ्या मुलीचं एक अख्खं उत्तर त्यांना तिसऱ्या वाचनात सापडलं, शेवटच्या पानाच्या मागे, उलटं लिहिलेलं. ती पास झाली, पुढे नर्स झाली. तेव्हापासून त्यांना कोणी घाई केली की ते त्या मुलीचं नाव घ्यायचे आणि समोरचा गप्प व्हायचा. "तीन फेऱ्या झाल्याशिवाय बोलू नाही," हे त्यांचं पालुपद. हे सगळं मी आज हसत सांगते आहे, पण त्या पालुपदाचा मला अजूनही राग येतो.

त्यांना वेड होतं शुक्राच्या हवेचं. शुक्राचं नव्हे, हे ते बजावून सांगायचे. ग्रह काय, कोणीही पाहतो. हवा पाहायला नजर लागते. त्यांच्याकडे दुर्बीण नव्हती, मालेगावात ग्रंथालय म्हणावं असं काही नव्हतं. होतं ते रशियाहून येणारं गुळगुळीत कागदाचं मासिक. त्याचं वाचन कोणी करत नसे, मुलं त्याची पानं फाडून वह्या-पुस्तकांना कव्हरं घालत. रशियाच्या यानांनी शुक्राला प्रदक्षिणा घालून तिथल्या ढगांची तपासणी केली, तो लेख असाच एका अंकात आला होता. सरांना त्याचं पहिलं पान आठवी 'ब'मधल्या एका मुलीच्या भूगोलावर सापडलं. ती जिथे जाईल तिथे सर मागे, वाकून तिच्या काखेतलं पुस्तक वाचताहेत! दुसरं पान नववीतल्या कोणाच्या तरी बीजगणितावर निघालं. तिसऱ्या पानासाठी त्यांनी वर्गावर्गातून शोध घेतला, चालू तासाला दार ढकलून विचारलं, "शुक्राचे ढग कोणाजवळ आहेत?" माझ्या वर्गात विरामचिन्हं चालली होती. एक हात वर झाला. सरांनी त्या पोराच्या बाकाजवळ उभ्या उभ्या पान वाचून काढलं, त्याच्या पाठीवर थोपटलं आणि निघून गेले. त्या लेखाचं शेवटचं पान मात्र कधीच मिळालं नाही.

सर शिकवायचे छान. खोली अंधारी करायची, दिव्याच्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकायचं, ज्योत पिवळीजर्द व्हायची. "मी मीठ चाखलं का? नाही. हात लावला का? नाही. दुरून सांगतो, हे मीठ आहे. तसंच ते यान. शुक्रावर उतरत नाही. भोवती फिरते. त्याच्या हवेतून जो उजेड येते, तो वाचते, अन् सांगते आत काय भरलं आहे." मग ते विचारायचे, पहाटे शुक्र एवढा का झळकतो? मुलं म्हणायची, मोठा आहे म्हणून, जवळ आहे म्हणून. सर मान हलवायचे. "तो ढगानं पुरा झाकलेला आहे, म्हणून. पडलेलं ऊन ढग वापस फेकते. जो जितका झाकलेला, तितका झळकते. आत भट्टी पेटली आहे, बाहेरून चांदी." त्यांची खोड मला लागली होती, हे सगळं मी त्यांच्या वर्गाच्या खिडकीबाहेर उभी राहून ऐकलेलं आहे.

एका डिसेंबरात रेडिओवर बातमी आली की अमेरिकेचं यान शुक्राभोवती फिरू लागलं, दिवसाला एक फेरी, नाना तऱ्हेची उपकरणं घेऊन. सरांनी पेढे आणले. शिक्षकांच्या खोलीत एकेकाच्या हातावर ठेवत आले. चित्रकलेचे मास्तर नवे होते. पेढा तोंडात टाकून त्यांनी हसत विचारलं, "नातू झाला काय, सर?"

सर म्हणाले, "नाही, यान पोचलं," आणि पुड्यातले उरलेले पेढे टेबलावर ठेवून बाहेर गेले.

नव्या मास्तरांना माहीत नव्हतं, बाकी साऱ्या गावाला माहीत होतं. बेबी ही सरांची एकुलती मुलगी. आई लहानपणीच गेली, सरांनीच तिच्या वेण्या घातल्या, वाकड्यातिकड्या का होईना. आणीबाणीतल्या उन्हाळ्यात तिचं लग्न ठरलं. मुलगा सरांचाच जुना विद्यार्थी, शेलूबाजारच्या अलीकडे रस्त्याला लागून घर, मागे शेत. सगळं जुळलं आणि पंचांग आडवं आलं. शुक्राचा अस्त लागत होता. शुक्र सूर्याच्या उजेडात दिसेनासा झाला की तो दिसेपर्यंत आपल्याकडे लग्नं लावत नाहीत. तो दिसेपर्यंत चातुर्मास लागणार, म्हणजे थेट तुळशीच्या लग्नापर्यंत थांबणं आलं. दुसरा कोणी थांबला असता. सरांना मात्र, ज्याची हवा आपल्याला तोंडपाठ आहे त्या ग्रहाने आपल्या मुलीचं लग्न अडवावं, हे सहन होईना. व्याह्यांच्या ओसरीवर बसून ते समजावू लागले, "तिथं गंधकाच्या तेजाबाचे ढग आहेत. तो बिचारा आपल्याच भट्टीत जळून राह्यला. त्याले बेबीच्या लग्नाचं काय घेणं?"

बेबीची होणारी सासू म्हणाली, "इवाई, ढग कायचे बी असोत. रीत ते रीत."

पण नवरा मुलगा सरांच्या बाजूने उभा राहिला आणि लग्न भर अस्तात लागलं. सरांनी स्वतः अकोल्याला जाऊन मुलीसाठी एक साडी आणली होती, पोपटी रंगाची, काठ हळदीसारखे पिवळे. बायकांनी तोंडाला पदर लावून हसून घेतलं. बेबी मात्र तीच नेसून सासरी गेली.

पुढे दुसरी आगळीक. मुलीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी पिऊ नये, अशी रीत. सर पहिल्याच भेटीत तिथे गडवाभर पाणी प्यायले आणि वर चहाही मागितला. "पाणी ते पाणी," म्हणाले. सासूने ते मनात ठेवलं.

बेबीचं पहिलं लेकरू पोटातच गेलं. दुसरं मेलेलंच जन्मलं. आता सासूला बोलायला कारण होतं आणि तिला अडवायला कोणाचंही तोंड नव्हतं. "शुक्र डुबला असतानी लगीन लावलं, कूस कशी भरन?" दुसऱ्या वेळी सर भेटायला गेले, तर बेबीनेच त्यांना अंगणात गाठलं. "बाबा, तुमी येऊन गेले का महिनाभर मले ऐका लागते. काही दिवस येऊ नका. मी बोलावीन तवा या." सर आल्या पावली माघारी फिरले. हे मला त्यांनीच सांगितलं, एकदाच, तेही खिडकीबाहेर बघत.

रविवारी मी आईकडे आसेगावला जायची. मालेगावहून सकाळची बस शेलूबाजारवरून मंगरूळपीरला जाई, तिथून मी आसेगावची बस धरायची. त्या मालेगावच्या बसमध्ये डाव्या खिडकीशी सर ठरलेले. पहिल्यांदा दिसले तेव्हा मी विचारलं, "कुठं चालले, सर?"

"मालेगावले."

"अहो, बस मालेगावहून तर निघाली."

"व्हय. फिरून मालेगावलेच."

मंगरूळला बस बदलायची, वाशीमला बदलायची, आणि संध्याकाळी जिथून निघालो तिथे परत. कंडक्टर सगळे ओळखीचे. "सर, मालेगावहून मालेगावचं तिकीट माह्या पेटीत नाई. मंगरूळपर्यंत देतो, पुढचं पुढच्याले मांगा." बसमधली माणसं हसायची, सरही हसायचे. येड्या मास्तरची फेरी, असं त्या बसचं नावच पडलं होतं.

पण शेलूबाजार जवळ आलं की सर बोलायचे थांबायचे. चष्मा काढून पुसायचे, पुन्हा घालायचे. डाव्या अंगाला कापसाच्या पराट्यांचं कुंपण, कुंपणाआड बेबीचं अंगण, अंगणात कपड्यांची वलणी. बस तिथून जाईपर्यंत जेवढं दिसेल तेवढं. मग घर मागे पडायचं आणि सर मांडीवरचे हात सैल सोडून मला सांगायचे, "धूर सरळ होता. म्हणजे लाकडं वाळलेली आहेत, जावई घरीच आहे. कापूस ओसरीत आला. अंगण सारवलेलं आहे." आणि शेवटी, चेहऱ्यावरचं समाधान लपवत, "साडी पाह्यली?"

पोपटी साडी वलणीवर असायचीच. दर रविवारी. म्हणजे बेबी ती साडी नेसते. म्हणजे सासू नेसू देते. म्हणजे घरातलं वारं बदलतंय, आज ना उद्या बोलावणं येईल. सरांनी त्या एका साडीवरून एवढं सगळं वाचलं होतं, आणि सोमवारी शाळेत ते इतक्या उमेदीने फळा पुसायचे की आम्हालाही बरं वाटायचं. मी स्वतः मात्र नेहमी उजव्या बाजूला बसायची. तिकडे ऊन लागत नसे. सरांचं वाचन मी ऐकूनच खरं मानत आले होते.

त्या हिवाळ्यातल्या एका रविवारी बसला गर्दी होती, म्हणून मी सरांच्या शेजारी बसले आणि त्यांच्या खिडकीतून ते अंगण नीट पाहिलं. पुढे कापसाचे गाडे चालले होते, बस हळू झाली होती. साडी होती. पण मी बाईमाणूस, धुणं मला कळतं. धुऊन पिळलेल्या साडीवर पिळ्याच्या चुण्या असतात. या साडीवर चौकोनी घड्या होत्या, उभ्या-आडव्या, स्वच्छ. पेटीतून काढून नुकतीच टाकलेली. खाली पाण्याचा थेंब नाही. आणि आजूबाजूला ना चोळी, ना धोतर, ना सासूचं लुगडं. शेतकऱ्याच्या घरी एकटी साडी कोण धुतं?

सरांनी विचारलं, "साडी पाह्यली?"

मी म्हटलं, "पाह्यली सर. ती धुतलेली नाही. ती तुमच्यासाठी टांगलेली आहे."

त्यांना कळलंच नाही. मी घड्यांचं सांगितलं, एकट्या साडीचं सांगितलं. बेबी ती नेसतच नसावी. अस्तातल्या लग्नाची साडी सासू कशाला नेसू देईल? ती बसच्या वेळेला बाहेर काढते, बस गेली की आत ठेवते. तुम्ही बरं बघावं म्हणून. सर ऐकत राहिले आणि म्हणाले, "तिनं बोलावलं नाही अजून."

मला राहवेना. "सर, तुम्हीच शिकवता ना, जो जितका झाकलेला तितका झळकतो? दुरून डोंगर साजरे. पुढच्या थांब्यावर उतरा आणि माघारी चालत जा. मी येते बरोबर."

सरांनी खिशातला लोलक बाहेर काढला, रुमालाने पुसला आणि पुन्हा ठेवला. "एका फेरीवरून निष्कर्ष काढू नाही, बाई. नजर चुकते. ऊन असते, सावली असते. तीन फेऱ्या झाल्याशिवाय बोलू नाही."

पुढच्या रविवारी मी मुद्दाम डाव्या बाजूला बसले. साडी वलणीवर नव्हती, खाली कुंपणावर टाकलेली होती, अर्धवट, आणि तिचं एक टोक धुळीत लोळत होतं. सर म्हणाले, "दोरी तुटली असन."

"दोरी शाबूत आहे, मी पाहिली. तिचे हात वर जात नसतील, सर. ती आजारी आहे."

मंगरूळ आलं. स्टँडवर माझी आसेगावची बस लागलेली होती. मी निघाले, तर त्यांनी मला थांबवलं. आजूबाजूला पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "बाई, तुमाले काय वाटते? शुक्राचा अन् लेकराचा काही संबंध असन का?"

"नाही, सर. काहीही संबंध नाही."

"नाहीच. मले माहीत आहे, नाही. कार्बनचा वायू आहे तिथं, अन् तेजाब आहे. दुसरं काही नाही." ते थांबले. "पण दोन लेकरं गेली नं. मी उतरलो, अन् माह्या पायानं तिच्यावर अजून काही आलं तं?"

मी त्यांना रागावले. भर स्टँडवर, वडिलांच्या वयाच्या माणसाला, मोठ्या आवाजात. हे विज्ञानाच्या शिक्षकाला शोभत नाही, असं म्हणाले, आणि बापाला तर मुळीच नाही. त्यांनी मान डोलवली. "पुढच्या इतवारी. तिसरी फेरी होऊ द्या. वलणी कशी बी दिसो, उतरतो." त्यांचं भय आता मला कळतं, तेव्हाही कळत होतं. पण भयाने हिशोबीपणाचा सदरा घातला की ते ओळखू येत नाही, ज्याच्या अंगावर असतो त्याला तर नाहीच.

तिसऱ्या रविवारी वलणी रिकामी होती. कुंपणही रिकामं होतं. धूर नव्हता.

सर उठून उभे राहिले आणि ओरडले, "थांबवा!" त्या माणसाचा एवढा मोठा आवाज मी कधी ऐकला नव्हता. कंडक्टरने घंटीची दोरी ओढली. बस थांबेपर्यंत बरीच पुढे गेली होती. सर रस्त्याने मागे पळत सुटले आणि त्यांच्या मागे मी.

अंगणात सासू एकटी बसली होती. मांडीवर पोपटी साडीची घडी. आम्हाला बघून ती उठली नाही.

"या, इवाई," ती म्हणाली. "पाहाटेच नेलं तिले जीपनं अकोल्याले. आठवा लागला होता. पायावर सूज, तोंडावर सूज, अन् पाहाटे झटके याले लागले."

बेबीला दिवस गेल्याचं सरांना ठाऊकच नव्हतं. मीच विचारलं, "कळवलं का नाही हो?"

"तिनंच कळवू देल्लं नाई. मने, या टायमाले लेकरू हाती आल्याशिवाय बाबाले सांगू नका, तवाच बोलावीन. मने, मंग त्याईले पानी बी पेता येईन." सासूने साडीवरून हात फिरवला. "दर इतवारी पेटीतून काढे अन् टाके. बस गेली का घडी करून ठेवे. मले का दिसत नव्हतं? मी मनलं, पाहू दे बापाले. आज तिचे हाल पाहून मीच काढली पेटीतून. मंग वाटलं, आता कोनाले फसवू?"

शेलूबाजारात अकोल्याची जीप मिळाली. रस्ताभर मी काहीबाही बोलत होते, होईल बरं, अकोल्याला मोठे डॉक्टर आहेत. सर माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

दवाखान्याच्या पायऱ्यांवर जावई बसला होता. सरांना बघून उठला, शाळेत उठायचा तसा ताठ, आणि मग रडायला लागला. बेबी गेली होती. मुलगी झाली होती, एवढीशी, जिवंत होती.

"सर," तो म्हणाला, "जीपमधी शुद्धीवर आली होती ते. मने, आता बाबाले बोलवा. दोनदा मनली. मी कसा बोलावू? जीप वापस फिरवता येत नव्हती."

सर त्याच्या शेजारी पायरीवर बसले. शुक्राभोवती फिरणारं ते यान ग्रहाच्या आड जाताना त्याचा संदेश तिथल्या हवेतून येतो, क्षीण क्षीण होत जातो आणि मग तुटतो. त्या तुटत जाण्यावरूनच हवा किती दाट ते सगळ्यात चांगलं कळतं, असं त्यांनी आम्हाला कितीदा सांगितलं होतं. त्या दिवशी त्या पायऱ्यांपाशी मला ते आठवलं, आणि या सगळ्या विद्येची मला शिसारी आली.

नंतरची वर्षं सर मालेगावातच होते, निवृत्त झाले, तिथेच वारले. यानाची बातमी रेडिओवर लागली की उठून जायचे. लोलक त्यांनी नव्या चित्रकलेच्या मास्तरांना देऊन टाकला. बाजारात फेऱ्या मारणं बंद झालं. पुढ्यात येईल ते वांगं पिशवीत टाकायचे. ती कावलेली बाईच एकदा मला म्हणाली, "बाई, सरले सांगा नं, पाहून घेत जा. किडके बी नेऊन राह्यले."

बेबीच्या तेरवीला मी त्यांच्याबरोबर गेले होते. शेलूबाजारच्या अलीकडे बसमधून उतरलो, रस्ता ओलांडला. अंगणात माणसं होती, त्यांनी वाट दिली. घराला रस्त्याच्या बाजूने खिडकी होती. सर खिडकीकडे गेले नाहीत, थांबले नाहीत, सरळ दारातून आत शिरले. मी त्यांना कोणत्याही घरात तसं शिरताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आत कोपऱ्यात टोपल्यात कापूस पसरला होता आणि त्या कापसात ती मुलगी होती, मुठीएवढ्या तोंडाची. सर टोपल्याजवळ खाली बसले. हात लावला नाही. नुसते बघत राहिले.

सासू आतून पाण्याचा गडवा घेऊन आली आणि त्यांच्यासमोर धरला.

"घ्या, इवाई," ती म्हणाली. "नात झाली. आता चालते."

सरांनी दोन्ही हातांनी गडवा घेतला. ओठांपर्यंत नेला, खाली आणला, पुन्हा नेला. एक घोट घेतला, पण तो हनुवटीवरून सांडून शर्टावर गेला. त्यांनी गडवा जमिनीवर ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं.

"बाई," ते म्हणाले, "तुमी सांगितलं तवाच उतराले पाह्यजे होतं."